अण्णा रोज विचारतात, तुझी आई कुठं गेली?

पत्र थोडक्यात असं आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून एका वाचकाने लिहिलंय. वय ४८, नोकरी शहरात, जाऊन-येऊन दहा-अकरा तास घराबाहेर. घरी बायको, नववीतला मुलगा आणि ७७ वर्षांचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा एसटीत कंडक्टर होते. दीड वर्षापूर्वी त्यांना अल्झायमर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. आई २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेली, तेव्हा अण्णा स्वतः ऑक्सिजनवर होते, त्यांना शेवटचं बघताही आलं नाही. आता अण्णा रोज संध्याकाळी विचारतात, "तुझी आई कुठं गेली रे?" मुलगा दर वेळी खरं सांगतो, अण्णा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडतात आणि तासाभराने परत विचारतात. बायको मात्र "आई बाजारात गेल्यात, येतील" म्हणून मोकळी होते. ह्यावरून नवरा-बायकोत वाद आहेत. शिवाय अण्णा पहाटे चारला उठून ड्युटीला निघतात, सुनेवर पैसे चोरल्याचा आळ घेतात. पुण्याची बहीण रविवारी व्हिडिओ कॉल करते तेव्हा अण्णा व्यवस्थित बोलतात, म्हणून ती म्हणते दादा उगाच बाऊ करतोय. वाचकाचा प्रश्न असा की, "ज्या माणसाने आयुष्यभर एका रुपयाचा हिशोब चुकवला नाही त्याच्याशी त्याच्याच घरात खोटं बोलायचं का? सारखं खरं सांगितलं तर कधीतरी लक्षात राहील ना?"

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचून आधी तुमच्या आईबद्दलच वाईट वाटलं. त्या एप्रिलमध्ये ज्यांच्या घरातलं माणूस असं न भेटता गेलं त्यांचं दुःख अजून ओलं आहे, आणि तुम्हाला तर ते रोज संध्याकाळी तोंडाने बोलून दाखवावं लागतंय. अण्णा रडतात हे तुम्ही लिहिलंय, तुमचं काय होतं ते लिहिलं नाहीये, पण आई गेली हे वाक्य रोज म्हणणाऱ्या मुलाचं काय होत असेल ते कळतंय मला.

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते कारण ते सरळ आहे. नाही, लक्षात राहणार नाही. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, नवीन गोष्ट पक्की साठवायचं काम तिथून चालतं, आणि अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा तोच भाग सुरुवातीला बिघडतो. त्यामुळे अलीकडची वर्षं आधी जातात आणि जुनी राहतात, तुमच्या आईशी झालेलं लग्न, तरुणपणीची ड्युटी, तुमचं लहानपण हे सगळं अजून जागेवर आहे पण २०२१ हे साल जागेवर नाहीये. अण्णा हट्टाने विसरत नाहीयेत आणि तुमचं सांगणंही कमी पडत नाहीये. शंभर वेळा सांगा, एकशे एकाव्या वेळी ती बातमी त्यांच्यासाठी नवीनच असणार.

आता ह्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते, ती नीट वाचा. २०१४ मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एक अभ्यास झाला, त्यात अल्झायमर असलेल्या लोकांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने विचारलं तर काय बघितलं ते बहुतेकांना सांगता येईना, पण मनातलं दुःख तसंच होतं, अगदी अर्ध्या तासापर्यंत. आणि ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख जास्त टिकलं. म्हणजे तुम्ही संध्याकाळी सहाला आई गेली असं सांगता, साडेसहाला अण्णा ते विसरतात, पण छातीवरचं ओझं तसंच राहतं आणि ते कशाचं आहे हेच त्यांना कळत नाही. मग ते चिडतात, येरझाऱ्या घालतात, जेवायला नको म्हणतात, आणि जिच्याजवळ कायम मन मोकळं केलं त्या बायकोला परत शोधायला लागतात. तुमच्या घरात रात्री जो गोंधळ होतो असं तुम्ही लिहिलंय त्यातला बराचसा सहाच्या त्या उत्तरातून येत असणार असं मला वाटतं.

म्हणून मला तुमचा मूळ प्रश्न थोडा हलवायचाय. खरं सांगू की खोटं, असं तुम्ही विचारता कारण तुम्ही धरून चाललाय की अण्णा माहिती मागतायत. मला तसं वाटत नाही. संध्याकाळची वेळ, दिवेलागण झालेली, ड्युटीवरून घरी आल्यावर इतकी वर्षं जी बाई समोर चहा ठेवायची ती दिसत नाहीये, आणि घरात फिरणारी माणसं अर्धवट ओळखीची वाटतायत. अशा वेळी माणूस बायकोचं नाव काढतो तेव्हा तो म्हणत असतो की मला एकटं वाटतंय, घाबरल्यासारखं होतंय, किंवा नुसती भूक लागलीये. ह्याला उत्तर म्हणून मृत्यूची तारीख सांगणं खरं असेल, पण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नाहीये.

मग काय बोलायचं? आधी जवळ जाऊन बसा. "आईची आठवण येतीय का अण्णा?" एवढंच विचारा. बहुतेक वेळा ते हो म्हणतील. मग तिच्याबद्दल बोलू द्या, "आई चहा कसा करायची हो, आलं घालायची ना?" असं काहीतरी, ज्याला चूक-बरोबर उत्तर नाही असं. घरात लग्नाचा फोटो असेल तर हातात द्या. ह्यात तुम्ही एकही शब्द खोटा बोलला नाहीत आणि आई गेल्याचंही सांगितलं नाहीत. पाच-दहा मिनिटं तिच्याबद्दल बोलणं झालं की चहा किंवा दूध पुढे करा, सोबत घेऊन अंगणात चक्कर मारा. बोलणं आधी, विषय बदलणं नंतर, हा क्रम सांभाळा. लगेच विषय बदलला तर त्यांना कळतं की टाळतायत, आठवण गेली तरी समोरच्याचा चेहरा वाचणं बराच काळ शाबूत असतं.

रोज हे जमणार नाही. एखाद्या दिवशी अण्णा हट्टालाच पेटतील, "ते सोड, कुठं गेलीय ते सांग". त्या वेळी तुमच्या मिसेस म्हणतात तसं "बाहेर गेल्यात, आपण तोवर चहा घेऊ" म्हणणं मला चालतं, आणि मी ते पाप मानत नाही. त्यातून कुणी काही लुबाडत नाहीये, कुणी फायदा घेत नाहीये, एका घाबरलेल्या माणसाला संध्याकाळ पार करून द्यायची आहे फक्त. एकच धोका सांगून ठेवते, "येतीलच एवढ्यात" म्हटलं तर अण्णा दारात वाट बघत बसतील. त्यापेक्षा येण्याचं काही न बोललेलं बरं.

पण एक दिवस असाही येईल, कदाचित येऊनही गेला असेल, की अण्णा एकदम स्वच्छ नजरेने तुमच्याकडे बघून विचारतील, "गेली ना रे ती?" त्या दिवशी बाजाराचं नाव काढू नका. "हो अण्णा, गेली आई" म्हणा, हात धरा, आणि रडायचं असेल तर दोघं मिळून रडा. ते तेव्हा खरंच विचारत असतात आणि त्यांचा तो हक्क आहे, त्यात त्यांना शेवटचं बघायलाही मिळालं नव्हतं. आता कुठला प्रश्न कुठल्या जातीचा हे कसं ओळखायचं, तर आवाजावरून आणि डोळ्यांवरून, तुम्ही मुलगा आहात, तुम्हाला कळेल. आणि ज्या वाचकांच्या घरी आजार नुकताच सुरू झालाय, माणूस स्वतःचे व्यवहार स्वतः बघतोय, त्यांनी ही टाळाटाळ अजिबात सुरू करू नये, त्या टप्प्यावर खरं सांगायचं, भिंतीवर मोठं कॅलेंडर लावायचं, वहीत लिहून ठेवायचं, आजाराचं नावसुद्धा त्यांच्यापासून लपवायचं नाही.

आता थोडं तुमच्या मिसेसबद्दल बोलते, रागावू नका. तुम्ही लिहिलंय की ती "खोटं बोलून मोकळी होते". दादा, तुम्ही सकाळी निघता आणि संध्याकाळी येता, म्हणजे तो प्रश्न तुमच्या वाट्याला रात्री दोन-तीनदा येतो. दिवसभर तो कोण झेलतं? शिवाय चोर म्हणवून घेऊन परत त्याच माणसाला जेवायला वाढायचं, आंघोळीला न्यायचं, कपडे बदलायचे. तिला जे उत्तर सुचलं ते दिवसभर अण्णांसोबत राहून सुचलंय, आणि तिच्या उत्तराने अण्णा शांत होतात हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. आज घरी गेलात की तिला एवढं विचारा की तुला काय काय लागू पडतं ते मला सांग, मी पण तसंच करतो. घरात दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली की अण्णांचा गोंधळ आणखी वाढतो, त्यामुळे हे एकदा बसून ठरवायलाच हवं, आणि नववीतल्या मुलालाही त्यात घ्या. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं असं मी बऱ्याच घरांत बघितलंय, कारण आजोबा आधी कसे होते ते परत आणायचा त्यांचा हट्ट नसतो.

तो चोरीचा आळ. इथे मला तुमच्या अण्णांची नोकरी आठवते. कंडक्टरची कॅश तिकिटांच्या हिशोबाला कमी भरली तर ती खिशातून भरावी लागायची, आणि पगारच किती होता तेव्हा. गाडी डेपोत लागल्यावर बॅग उलटी करून सुट्टे पैसे मोजताना जी धाकधूक व्हायची ती इतक्या वर्षांची सवय आहे, ती कुठे जाणार? "माझे पैसे कुणी काढले" असं अण्णा ओरडतात तेव्हा समोर सून उभी असते म्हणून ते तिच्यावर येतं, पण मूळ भीती कॅश कमी पडण्याची असणार असं मला वाटतं. त्यामुळे "मी कशाला घेऊ तुमचे पैसे" हे उत्तर, कितीही खरं असलं तरी, उपयोगाचं नाही. त्याऐवजी "किती कमी पडतायत अण्णा? चला, आपण परत मोजू" म्हणून शेजारी बसायचं. घरात एक जुनी बॅग किंवा डबा ठेवा, त्यात एक-दोन-पाचची नाणी आणि दहाच्या थोड्या नोटा, रोज दुपारी त्यांना मोजायला द्या, वहीत आकडा लिहू द्या. हाताला लागलेली कामं मेंदूच्या वेगळ्या भागांत साठलेली असतात आणि ती बरीच उशिरापर्यंत टिकतात, त्यामुळे ज्याला सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही तो माणूस चिल्लर मात्र झरझर लावू शकतो. बेरीज चुकली तर चुकू दे, दुरुस्त करू नका, "भरली बरोबर" म्हणा.

पहाटे चारचं उठणंही त्यातलंच आहे, मुक्कामी गाडी पहिल्या फेरीला काढायची असणार. "तुम्ही रिटायर होऊन एकोणीस वर्षं झाली" हे ऐकून कुणीही दचकेल. "कुठली गाडी आज अण्णा? चहा घेऊन जा" म्हणा, गरम काहीतरी द्या, रूटवरची गावं विचारा, थोड्या वेळाने बहुतेक परत आडवे होतील. तोवर लघवीला जाऊन आलेत का बघा, पहाटे जाग येण्याचं ते साधं कारण पुष्कळदा असतं. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळी उन्हात चालवा. पण ह्यात एक गोष्ट गंमतीवारी नेण्यासारखी नाही. असा माणूस एखाद्या दिवशी खरंच स्टँडवर जाऊन पहिल्या गाडीत बसतो. दाराला नजरेत न येणारी वरची कडी लावा, दार उघडलं की वाजेल अशी घंटी लावा, शर्टाच्या खिशात नाव आणि तुमचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी शिवून टाका, अलीकडचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि स्टँडवरच्या कंट्रोलरला, चहावाल्याला, रिक्षावाल्यांना सांगून ठेवा. गावात हे सोपं जातं, लोक अण्णांना ओळखतात. कुलूप लावून त्यांना एकटं मात्र कधी ठेवू नका, आग लागली तर काय करणार.

रोजच्या बोलण्यातल्या काही गोष्टी सांगते, त्या सगळ्याच घरांना लागू आहेत. मागून हाक मारू नका, समोर या, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, आधी "अण्णा" म्हणा, त्यांनी बघितलं की मग बोला. टीव्ही चालू ठेवून बोलाल तर त्यांना काहीच कळणार नाही, दोन आवाजांतून एक वेगळा काढणं त्यांना आता जड जातं. "चला आंघोळ करा, मग कपडे बदला, डॉक्टरकडे जायचंय" ह्या एका वाक्यात तीन कामं झाली, त्यातलं एकच सांगा आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. उत्तर यायला तेवढा वेळ लागतो आणि आपण तिसऱ्या सेकंदाला तेच वाक्य परत, आणि मोठ्याने, म्हणतो. मोठा आवाज त्यांना ओरडल्यासारखा वाटतो. "काय खाणार?" विचारू नका, पोहे आणि केळं दोन्ही समोर धरून "हे का हे?" विचारा. आणि पाहुण्यांना दारातच सांगा की "ओळखा बघू मी कोण" हा प्रकार करायचा नाही. आपल्याकडे लग्नात, वास्तुशांतीला, आजारी माणसाच्या उशाशी, सगळीकडे लोक हा प्रश्न विचारतात आणि तो माणूस चार लोकांत कानकोंडा होतो. पाहुण्याने स्वतःच सांगावं, "अण्णा, मी अमक्याचा मुलगा, तासगावहून आलोय". "आठवतंय का?" हा शब्दच घरातून काढून टाका.

ह्या सगळ्याबरोबर कान आणि डोळे तपासा. कमी ऐकू येत असेल, मोतीबिंदू असेल तर निम्मी भांडणं त्यामुळेच होत असतात आणि आपण ती आजाराच्या नावावर टाकतो. आणि हे तर सगळ्यांनीच लक्षात ठेवा, की अल्झायमर हळूहळू वाढतो, दोन दिवसांत नाही. माणूस अचानक जास्त बरळायला लागला, दिवसा सुस्त आणि रात्री सैरभैर झाला, तर "आजार वाढला" म्हणून गप्प बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, पाणी कमी पडणं, चार दिवसांचा मलावरोध, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, किंवा सर्दीची-झोपेची एखादी नवीन गोळी, ह्यातलं काहीही असू शकतं आणि ह्यावर इलाज आहे, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. डोनेपेझिल, मेमँटिन ह्या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा फरक पडतो, आजार त्या थांबवत नाहीत, हे माहीत असलं म्हणजे दर महिन्याला डॉक्टर बदलत फिरायची वेळ येत नाही. आणि "शांत राहण्याची गोळी द्या" असं स्वतःहून मागू नका. त्यातल्या काही गोळ्यांनी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलाय. कधीकधी त्या द्याव्या लागतात, पण कशासाठी आणि किती दिवस हे डॉक्टरांना विचारून घ्या.

तुम्ही एकटे आहात असं तुम्हाला वाटतं म्हणून एक आकडा सांगते, भारतात ६० वर्षांवरच्या लोकांत डिमेन्शिया असलेले सुमारे ८८ लाख असावेत असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आलाय, म्हणजे शंभरात सात-साडेसात. त्यांच्यात कुणाचं तरी घर तुमच्याही गल्लीत असेल, लोक बोलत नाहीत एवढंच. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ वर सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. मनावर ताण आला, तुमच्या किंवा तुमच्या मिसेसच्या, तर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. बँकेचे, जमिनीचे कागद राहिले असतील तर वकिलाला लवकर भेटा. समज गेल्यानंतर साधं मुखत्यारपत्र कायद्याने टिकत नाही हे पुष्कळांना खूप उशिरा कळतं.

राहता राहिली तुमची बहीण. ती खोटं बोलत नाहीये आणि तुम्हीही बाऊ करत नाही आहात. ह्या आजारात "बरं आहे ना? जेवलीस का? पाऊस काय म्हणतोय?" असली बोलणी फार उशिरापर्यंत टिकतात, आणि लाडक्या लेकीसमोर पंधरा मिनिटं माणूस सगळी ताकद एकवटून नीट बोलतो, मग फोन ठेवल्यावर थकून जातो. तिला कॉलवर पटवत बसू नका, त्याने तुम्ही दोघं भांडाल फक्त. तिला दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत आठ दिवस राहायला बोलवा, पाहुणी म्हणून नाही, अण्णांना सांभाळायला. आणि त्याच आठ दिवसांत तुमच्या मिसेसना माहेरी पाठवा. शेवटच्या त्या कधी गेल्या होत्या हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्या जायच्या आधी गोळ्यांचा डबा आठवड्याचा भरून ठेवा, अण्णा चहा किती साखरेचा घेतात, पहाटे चारला उठले की काय म्हणायचं, आईबद्दल विचारलं की काय म्हणायचं, हे सगळं मिसेसनाच सांगायला लावून एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. बहिणीला पहिल्याच रात्री तो कागद लागेल.